शहराचे अनुदान घ्यावे की न घ्यावे? एका लहान संस्थेच्या खजिनदाराची शंका

नवा_खजिनदार

सर्वांना नमस्कार.

अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहरात, कमी उत्पन्नाच्या वस्तीतील मुलांसाठी शाळा सुटल्यानंतरचा अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका छोट्या धर्मादाय संस्थेचा मी गेल्या जानेवारीपासून खजिनदार आहे. वर्ग एका चर्चच्या तळघरातील सभागृहात आठवड्यातून चार दिवस भरतो. पटावर चाळीस मुले आहेत आणि रोज तीसेक येतात. संस्थेचा वर्षाचा खर्च ६४,००० डॉलर असून त्यातील निम्म्याहून अधिक भाग आमच्या एकमेव पगारी शिक्षिकेच्या वेतनाचा आहे. बाकी सारे स्वयंसेवक. आजवरचा सगळा पैसा व्यक्तिगत देणग्यांतून आणि वर्षातून एकदा होणाऱ्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमातून आला. बँकेत राखीव म्हणून ११,००० डॉलर आहेत आणि त्यांना हात लावायची वेळ आतापर्यंत आलेली नाही.

यंदा शहराच्या समुदाय विकास विभागाने अर्ज मागवले आहेत. फेडरल सरकारकडून शहराला जे कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट मिळते, म्हणजे ज्याला सगळे सीडीबीजी म्हणतात, त्यातून सामाजिक सेवा देणाऱ्या संस्थांना जास्तीत जास्त २०,००० डॉलर मिळू शकतात. मुदत पाच आठवड्यांनी संपते. आमच्या विश्वस्त मंडळात सात जण आहेत आणि त्यांच्यात सरळ दोन तट पडले आहेत. एका तटाला वाटते की आपल्या खर्चाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग शहर उचलणार असेल आणि त्यातून आणखी एक अर्धवेळ शिक्षक नेमता येणार असेल, तर विचार कसला करायचा? दुसऱ्या तटाला वाटते की वीस हजारांसाठी आपण आपल्या गळ्यात लोढणे बांधून घेत आहोत.

माझ्या शंका तीन आहेत. पहिली पैशांच्या वेळेची. माहितीपत्रकात ‘परतफेड तत्त्वावर’, म्हणजे आधी खर्च आपण करायचा आणि मग शहर तो भरून देणार, असे दोनच शब्द आहेत, पण खजिनदार म्हणून मला तेच सर्वांत जास्त खटकतात. दुसरी शंका कागदांची. प्रत्येक मुलाच्या घरी माणसे किती, उत्पन्न किती, वंश कोणता, हे सर्व लिहून घ्यावे लागेल असे कळले. आमच्याकडे मुलांना सोडायला येणाऱ्या कित्येक आया स्वतःचे पूर्ण नाव सांगतानाही कचरतात. शहराच्या नकाशाप्रमाणे आमच्या भागातील ५८ टक्के रहिवासी कमी किंवा मध्यम उत्पन्न गटात मोडतात; असे असताना घरोघरचा वेगळा पुरावा कशासाठी हवा? तिसरी शंका पुढची आहे. या पैशाची सवय झाली आणि दोन वर्षांनी तो थांबला, तर नव्या शिक्षकाला आणि त्याच्याकडे शिकणाऱ्या मुलांना काय सांगायचे?

ज्यांनी असे अनुदान घेतले आहे, नाकारले आहे किंवा वाटले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

जुना_कारकून

नमस्कार. मी अशाच एका शहराच्या समुदाय विकास कार्यालयात अकरा वर्षे होतो आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूने असे पुष्कळ अर्ज वाचले आहेत. आपल्या शंकांकडे येण्यापूर्वी हे वीस हजार येतात कुठून ते सांगतो, कारण तेवढे समजले की शहराचे निम्मे वागणे आपोआप उलगडते.

ही योजना १९७४ च्या गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्याने सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी पद हाती घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत, २२ ऑगस्टला, त्या कायद्यावर सही केली. त्यापूर्वी नागरी पुनर्विकास, मॉडेल सिटीज अशा निरनिराळ्या कार्यक्रमांसाठी शहरांना वॉशिंग्टनकडे निरनिराळे अर्ज करावे लागत. ते सगळे मोडून एकच ठोक रक्कम लोकसंख्या, गरिबी, घरांतील दाटी, घरांचे वयोमान अशा निकषांच्या सूत्राने वाटावी आणि ती कशावर खर्चायची ते शहराने ठरवावे, अशी त्यामागची कल्पना होती. आज सुमारे १,२०० शहरांना आणि काउंटींना हा वाटा थेट मिळतो. त्यांत प्रामुख्याने ५०,००० किंवा अधिक लोकसंख्येची शहरे आणि २,००,००० किंवा अधिक लोकसंख्येच्या नागरी काउंटी येतात. देशभराची रक्कम अलीकडे वर्षाला ३.३ अब्ज डॉलरच्या आसपास असते. आकडा मोठा वाटतो. पण सत्तरच्या दशकापासूनची महागाई धरली तर त्याची खरी किंमत बरीच उतरली आहे.

मेख पुढे आहे. शहराला जे मिळते त्यापैकी साधारण १५ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम सामाजिक सेवांवर खर्च करता येत नाही. आपला अभ्यासवर्ग, वृद्धांचे जेवण, बेघरांचा निवारा, भाडेकरूंना कायदेशीर सल्ला, हे सगळे त्या पंधरा टक्क्यांत बसवायचे. बाकीचा पैसा घरदुरुस्ती, पदपथ, सांडपाण्याच्या वाहिन्या, समाजमंदिरांच्या इमारती अशा कामांसाठी असतो, आणि नियोजन व प्रशासन यांसाठी जास्तीत जास्त २० टक्के. समजा, एखाद्या शहराला दहा लाख डॉलर मिळाले, तर सेवांसाठी उरतात दीड लाख. वीस संस्थांनी अर्ज केले आणि कुणाला दुखवायचे नाही असे ठरवून सर्वांना सारखे वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेसात हजार येतात. मात्र साडेसात हजारांच्या कराराला आणि पंचाहत्तर हजारांच्या कराराला लागणारा कागद जवळजवळ तेवढाच असतो. दोन्ही बाजूंना. म्हणून बरीच शहरे हल्ली थोड्या संस्था निवडतात आणि किमान रक्कम ठरवून टाकतात.

दुसरी गोष्ट अशी की ही देणगी नव्हे. देणगीदार विश्वासाने पैसे देतो आणि बाजूला होतो. शहर आपल्याकडून एक सेवा विकत घेते, आणि तिचे बिल तपासून, झालेल्या खर्चाचा पुरावा पाहून मग पैसे देते. शहराला हा पैसा ज्याच्याकडून येतो ते गृहनिर्माण व नागरी विकास खाते, म्हणजे हड, शहराचीही तशीच झडती घेत असते. एक उदाहरण देतो. कार्यक्रम वर्ष संपण्याच्या ६० दिवस आधी शहराच्या नावावर न उचललेली रक्कम वार्षिक अनुदानाच्या दीडपटीहून अधिक असता कामा नये, असा दंडक आहे. त्यामुळे जी संस्था पैसे मागते ती आम्हांला त्रासदायक वाटत नसे. जी संस्था नऊ महिने बिलच पाठवत नसे ती वाटे. छोट्या संस्थांमध्ये हे फार होते. काम उत्तम चाललेले असते आणि पावत्या एका बुटांच्या खोक्यात पडून असतात.

आता आपल्या दुसऱ्या शंकेविषयी, कारण तिथे आपला थोडा गैरसमज दिसतो. सीडीबीजीच्या पैशातून कमी व मध्यम उत्पन्नाच्या लोकांना फायदा झाल्याचे दाखवण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत. कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार, त्या परिसरातील मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत ज्यांचे उत्पन्न असते ते या गटात मोडतात. भागातील किमान ५१ टक्के रहिवासी त्या गटातील असले तर त्या संपूर्ण भागाला फायदा झाला असे धरले जाते, ही एक वाट; आपले ५८ टक्के तिथेच लागू होतात. परंतु ही वाट उद्यान, पदपथ, वाचनालय अशा, भागातील प्रत्येकाला खुल्या असलेल्या गोष्टींसाठी आहे. अभ्यासवर्ग हा फक्त मुलांसाठी, म्हणजे एका मर्यादित गटासाठी असतो, आणि मर्यादित गटाचे नियम वेगळे आहेत. वृद्ध, बेघर, गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ, स्थलांतरित शेतमजूर अशा काही गटांना मुळातच गरजू मानले जाते. अत्याचारग्रस्त मुले त्या यादीत आहेत, सरसकट मुले नाहीत. म्हणून सामान्यतः घरातील माणसे आणि उत्पन्न लिहून घेऊन, किमान ५१ टक्के मुले त्या गटातील आहेत असे दाखवावे लागते.

तरीही आणखी एक वाट आहे आणि तिचा उल्लेख माहितीपत्रकात क्वचितच असतो. सेवेचे स्वरूप आणि तिचे ठिकाण पाहून, येणारे लोक मुख्यतः कमी व मध्यम उत्पन्नाचेच असणार असा निष्कर्ष काढता येत असेल, तर घरोघरी उत्पन्न विचारण्याची गरज नसते. सार्वजनिक गृहसंकुलाच्या आवारात तिथल्याच रहिवाशांच्या मुलांसाठी चालणारे पाळणाघर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. आपला वर्ग त्यात बसतो की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, आणि ५८ टक्क्यांचा भाग त्यासाठी मला थोडा कच्चा वाटतो. पण येणारी बहुतेक मुले एखाद्या विशिष्ट गृहसंकुलातील असतील, तर अर्ज भरण्यापूर्वी शहराच्या अधिकाऱ्याला हा प्रश्न लेखी विचारा. उत्तरही लेखीच घ्या.

तिसऱ्या शंकेवर मी दिलासा देऊ शकत नाही. करार एका वर्षाचा असतो. पुढच्या वर्षाचे आश्वासन शहर देऊ शकत नाही, कारण त्यालाच ते मिळालेले नसते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतील अर्थसंकल्पांच्या प्रस्तावांत ही योजनाच बंद करावी असे सुचवलेले होते. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दरवेळी पैसे मंजूर केले हे खरे, पण मंजुरी उशिरा आली की शहराचे करार उशिरा होतात, आणि तो उशीर आपल्यासारख्या संस्थांपर्यंत उतरतो.

जमाखर्च

मी तीन लहान संस्थांचे हिशेब लिहिते. वरील उत्तरात पैशांच्या वेळेचा मुद्दा शेवटच्या ओळीत येऊन गेला. माझ्या मते तो पहिला असायला हवा होता, म्हणून आपलेच आकडे घेऊन सांगते.

समजा, कार्यक्रम वर्ष १ जुलैला सुरू होते आणि आपण त्या दिवशी नवा अर्धवेळ शिक्षक नेमला. वीस हजार बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला सुमारे १,६६७ डॉलर होतात. करारावर सह्या नोव्हेंबरअखेर झाल्या असे धरा. यात अतिशयोक्ती काहीच नाही. तोपर्यंत पाच महिन्यांचे ८,३३३ डॉलर आपल्या खिशातून गेले. मग बिल पाठवले, ते तपासले गेले, धनादेश साठ दिवसांनी आला. त्या दोन महिन्यांचे वेतन पुन्हा आपणच दिले. म्हणजे शहराचा पहिला डॉलर हाती पडण्यापूर्वी आपले ११,६६७ डॉलर अडकलेले असतील. आपली राखीव रक्कम अकरा हजार आहे. तिथेच पिशवीचा तळ लागला, आणि वर ६६७ कमी पडले.

शिवाय करार होण्यापूर्वीचा खर्च शहर देईलच असे नाही. कराराची सुरुवात मागील तारखेपासून धरली जाईल का, हे लेखी विचारून घ्यावे. आमच्या एका संस्थेने कराराच्या तारखेच्या चार दिवस आधी मुलांच्या सहलीसाठी बसची आगाऊ रक्कम भरली होती. २४० डॉलर. सहल करारानंतर झाली, बस करारानंतर धावली, पण पावतीवरची तारीख आधीची होती. संपूर्ण तिमाहीचे बिल त्या एका पावतीसाठी परत आले, आणि ती ओळ काढून पुन्हा पाठवेपर्यंत उरलेले चार हजार रुतून बसले. तेव्हापासून मी बिलात शंकास्पद असे काही घालतच नाही. तो खर्च देणग्यांतून भागवते.

यावरूनच माझा सल्ला असा की अनुदानातून एकच गोष्ट मागावी, आणि ती शक्यतो वेतन असावी. खाऊ, वह्या, रंगपेट्या, बसभाडे असे वीस शीर्षकांखाली तुकडे केले की वीस प्रकारच्या पावत्या सांभाळाव्या लागतात. वेतनाला तासांची नोंद लागते, तीही खरी. शिक्षिका आठवड्यात तीस तास काम करते आणि त्यांतील वीस तास अनुदानाच्या कामाचे आहेत, तर ते वीस कोणते हे तिने त्या त्या दिवशी लिहिलेले असले पाहिजे. महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने भरलेला तासांचा तक्ता तपासणाऱ्याला लांबूनच ओळखू येतो.

एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे. कार्यालयाचा, हिशेबाचा, विम्याचा असा जो खर्च कुठल्या एका कामाला चिकटवता येत नाही, त्यासाठी थेट खर्चाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत रक्कम मागता येते. शहराशी वेगळा दर ठरलेला नसेल तर हा दर पूर्वी १० टक्के होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या फेडरल नियमांत तो १५ टक्क्यांपर्यंत गेला आहे. अर्जाच्या नमुन्यात त्याचा रकाना नसतो म्हणून बहुतेक लहान संस्था तो मागतच नाहीत. लेखापरीक्षणाची मात्र भीती बाळगू नका. फेडरल नियमांप्रमाणे सक्तीचे ‘सिंगल ऑडिट’ वर्षात फेडरल पैशातून दहा लाख डॉलर किंवा अधिक खर्च करणाऱ्यांना लागते. ही मर्यादा पूर्वी साडेसात लाख होती. शहर स्वतःच्या अटीत काही वेगळे मागत असेल तर ते करारात वाचा.

नदीकाठ

आम्ही हे अनुदान दोन वर्षे घेतले आणि तिसऱ्या वर्षी अर्ज केला नाही. कारण हिशेबाचे नव्हते. आमचाही मुलांचाच वर्ग आहे. पहिल्या वर्षी उत्पन्नाचे कागद भरून घ्यायचे काम आमच्याकडे नव्याने आलेल्या एका तरुण स्वयंसेवकाकडे दिले. तो बिचारा दारातच टेबल टाकून बसला, हातात पेन अडकवलेली पाटी, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक आईला अडवून कागद पुढे करू लागला. कागदावर शहराचा शिक्का होता. एक बाई, जी वर्षभर स्वतःहून आमचे सभागृह झाडून जात असे, तिने तो कागद पाहिला, मुलाचा हात धरला आणि काही न बोलता परत गेली. त्या महिन्यात रोजची हजेरी चौतीसवरून सव्वीसवर आली. त्यांतील तीन मुले नंतर परत आली. बाकीची आली नाहीत. त्या कागदावर नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता, हे आम्ही सांगत राहिलो, पण दारात टेबल टाकलेल्या माणसाचे कोण ऐकते?

दुसऱ्या वर्षी आम्ही पद्धत बदलली. आमच्या शिक्षिकेने प्रत्येक घराशी वेगळे बोलून, कागद कुठे जातो आणि कुठे जात नाही हे समजावून, तो भरून घेतला. शहराने उत्पन्नाचा नेमका आकडा न विचारता कुटुंबाच्या आकारानुसार आखलेल्या रकान्यांवर खूण आणि खाली सही एवढे चालवून घेतले. कागद सगळे भरले गेले. पण शिक्षिकेचे सप्टेंबरचे तीन आठवडे त्यात गेले, आणि आमच्या अनुदानाची रक्कम नऊ हजार होती. तेव्हा आम्ही ठरवले की नऊ हजार देणग्यांतून उभे करणे आम्हांला स्वस्त पडते. वीस हजार असते तर कदाचित वेगळे ठरले असते. पैसा वाईट होता असे मी म्हणणार नाही; त्या दोन वर्षांत आम्ही विकत घेतलेले संगणक आजही मुले वापरतात.

नवा_खजिनदार

तिघांचेही मनापासून आभार. जमाखर्चताईंचा हिशेब मी काल मंडळापुढे वाचून दाखवला आणि खोलीत बराच वेळ कुणी बोलले नाही. नदीकाठ यांनी सांगितलेला प्रसंग वाचून आमच्या शिक्षिका म्हणाल्या की कागद भरून घ्यायचेच असतील तर ते मीच घेईन, आणि दारात मुळीच नाही.

आमच्या हजेरीच्या वहीतून पत्ते काढून पाहिले. रोज येणाऱ्या तीस मुलांपैकी बावीस शेजारच्या एकाच सार्वजनिक गृहसंकुलातील आहेत, हे आमच्याही ध्यानात नव्हते. जुना_कारकून यांनी सांगितलेल्या स्वरूप आणि ठिकाणाच्या वाटेविषयी मी शहराला आजच ईमेल केला आहे.

पण पहिली शंका सुटत नाही. अकरा हजारांच्या बळावर नवा शिक्षक नेमणे अशक्य दिसते. म्हणजे अर्ज करूच नये, असे समजायचे का?

जुना_कारकून

तसे समजू नका. जमाखर्चताईंचा हिशेब बिनचूक आहे, पण तो खर्च नवा असेल तरच लागू होतो, आणि नवा खर्च मागायलाच हवा असे आपण मनाशी का धरले आहे?

सेवा नवी हवी किंवा तिच्यात मोजता येईल अशी वाढ हवी, हा नियम आहे खरा, पण तो शहराच्या पैशांपुरता आहे. मागील बारा महिन्यांत शहराने स्वतःच्या किंवा राज्याकडून आलेल्या पैशातून जी सेवा चालवली, तिचा खर्च काढून तो सीडीबीजीवर ढकलू नये, एवढाच त्याचा हेतू. आपला वर्ग देणग्यांवर चालतो. म्हणून आपल्या आताच्या शिक्षिकेच्या वेतनातील वीस हजारांचा भाग आपण अनुदानातून मागू शकता. ते वेतन आपण आजही देतच आहात. शहराचे पैसे फेब्रुवारीत आले काय किंवा एप्रिलमध्ये आले काय, पगार देणग्यांतून चालू राहतो आणि मागाहून येणारी रक्कम राखीव निधीत जमा होते. वर्षअखेरीस आपल्याकडे अकराऐवजी एकतीस हजारांच्या आसपास राखीव असेल. नवा शिक्षक दुसऱ्या वर्षी नेमा, आणि तोही त्या राखीव रकमेतून, म्हणजे अनुदान थांबले तरी त्याला एक वर्ष काढता येईल. आपल्या तिसऱ्या शंकेचे उत्तर मी पहिल्या खेपेस देऊ शकलो नव्हतो. ते इथे आहे असे मला वाटते.

याला एक अडचण आहे, ती लपवत नाही. काही शहरे अर्जांना ज्या गुणपत्रिकेवरून गुण देतात तीत विस्ताराला वेगळे गुण असतात, आणि ‘आहे तेच चालू ठेवू’ असे लिहिणारा अर्ज तिथे मागे पडतो. गुणपत्रिका मागून घ्या. ती बहुधा माहितीपत्रकालाच जोडलेली असते आणि अर्ज करणारे ती वाचत नाहीत. पटावरची मुले चाळीसवरून पंचेचाळीस करण्यासारखी माफक वाढ, जी आताच्याच शिक्षिकेला पेलेल, ती प्रामाणिकपणे दाखवता आली तर दाखवा. साठचा आकडा लिहून चाळीसच आणणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. करारात लिहिलेला आकडा पुढच्या वर्षी आपल्यासमोर ठेवला जातो.

पैसे अडकण्यावर काही ठिकाणी सोयही आहे. न्यूयॉर्क शहरात शहराशी करार असलेल्या संस्थांना पैसे येईपर्यंत बिनव्याजी रक्कम देणारा ‘रिटर्नेबल ग्रँट फंड’ आहे. इतरत्र स्थानिक समुदाय प्रतिष्ठाने असे अल्पमुदतीचे कर्ज देतात. आपल्या शहरात कुणी देते का ते विचारावे, पण वर सांगितल्याप्रमाणे मागितले तर त्याची गरज पडू नये.

आणखी एक. सीडीबीजीचा पैसा कशावर खर्चायचा ते ठरवणारा वार्षिक कृती आराखडा मंजूर होण्यापूर्वी शहराला तो ३० दिवस नागरिकांच्या अभिप्रायासाठी खुला ठेवावा लागतो आणि जाहीर सुनावणी घ्यावी लागते. माझ्या अकरा वर्षांत त्या सुनावणीला बहुतेक वेळा खुर्च्या जास्त आणि माणसे कमी असत. एकदा तर आलेल्या तिघांपैकी एक जण पाऊस थांबायची वाट पाहत होता. करार उशिरा होतात, किमान थोडी आगाऊ रक्कम द्यावी, उत्पन्नाचा कागद सोपा करावा, हे सांगण्याची ती जागा आहे. तिथे बोललेले टिपून घ्यावे लागते आणि हडकडे जाणाऱ्या आराखड्यात त्याचा सारांश जोडावा लागतो. आपली शिक्षिका तिथे पाच मिनिटे बोलली तर अर्जातील पाच पानांहून ते अधिक लक्षात राहील.

जमाखर्च

वरील सुधारणा मान्य आहे. मी अर्धवेळ शिक्षकाचाच विचार धरून चालले होते.

अर्ज करायचे ठरले तर या आठवड्यातच तीन गोष्टी हाती घ्या, कारण पाच आठवडे पटकन जातात. यूईआय, म्हणजे फेडरल पैसा घेणाऱ्या संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक, लागेल; तो सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, आणि तो मिळवून देतो म्हणून शुल्क मागणारी जी पत्रे येतात ती टोपलीत टाकावीत. चर्चच्या सभागृहाच्या वापराचा लेखी करार करून घ्या. वर्गाच्या वेळेत प्रार्थना किंवा धर्मशिक्षण होत नाही आणि कोणत्याही धर्माच्या मुलाला प्रवेश आहे, हे त्यात स्पष्ट असू द्या, कारण फेडरल पैशातून चालणारे काम आणि धार्मिक कार्यक्रम वेळेने किंवा जागेने वेगळे ठेवावे लागतात. चर्चमध्ये वर्ग भरवायला मात्र हरकत नसते. तिसरी गोष्ट विम्याची. आपल्या पॉलिसीत शहराचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालायला सांगतात, आणि उत्तरदायित्वाची किमान मर्यादा बहुधा आपल्या आताच्या मर्यादेपेक्षा वरची असते. वाढीव हप्ता किती येईल हे विमा एजंटला आधी विचारा आणि तो आकडा अर्जाच्या अंदाजपत्रकात घाला. माझ्या एका संस्थेने तो विसरून अर्ज केला होता, आणि अनुदान मंजूर झाल्यावर पहिला खर्च तोच आला.

नवा_खजिनदार

मंडळाने चार विरुद्ध तीन मतांनी अर्ज करायचे ठरवले आहे: एकच शीर्षक, आताच्या शिक्षिकेच्या वेतनाचा भाग, पंचेचाळीस मुले. विरोधी तिघांपैकी एका विश्वस्तांची अट अशी होती की उत्पन्नाचे कागद लागणारच असतील तर करारावर सही करण्यापूर्वी शिक्षिकेने दहा घरांशी बोलून पाहावे, आणि त्यांपैकी तिघांनी जरी नकार दिला तरी मंजूर झालेले अनुदानही परत करावे. ती अट ठरावात लिहिली आहे. शहराचे लेखी उत्तर अजून आलेले नाही. आले की इथे कळवतो.